उन्हाळ्यात लिहिलेली थंडी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा ती पलंगावर स्वेटरांच्या घड्या घालत होती. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिनं फोन उशीवर ठेवून स्पीकर लावला होता. बाईंचा आवाज मुळातच दणदणीत. छापखान्यात यंत्रांच्या वरताण बोलून बोलून तो तसा झाला, असं त्या स्वतःच सांगत. "हिवाळा अंकाची पानं आज संध्याकाळी छपाईला जातायत," बाई म्हणाल्या, "म्हणून तुमचा लेख परत एकदा वाचला. काय सांगू तुम्हाला. आमचा मुद्रितं तपासणारा माणूस, जन्मात कशाला चांगलं म्हणालेला नाही, तो चष्मा पुसत बसला. बाबांच्या जाण्यानंतरचा पहिला हिवाळा, ती खिडकीतली रिकामी खुर्ची... अहो, तुम्ही आम्हाला साधं कळवलंसुद्धा नाहीत. कधी गेले बाबा? आणि त्यांचा एखादा फोटो असला तर दुपारपर्यंत पाठवा, चौकटीत घालू." तिनं फोनवर झडप घातली तेव्हा हातातल्या स्वेटरची बाही तिच्याच बोटांत अडकली, आणि तेवढ्या वेळात चौकटीसकट सगळं वाक्य घरभर फिरून आलं. शेजारच्या खोलीतून, त्याच खिडकीतल्या त्याच खुर्चीतून, बाबा खोकले आणि म्हणाले, "कोणाचा गं फोन?"

"ऑफिसचा," ती म्हणाली. वास्तविक तिला जन्मात कधी ऑफिस नव्हतं. बाईंना तिनं घाईघाईनं "नंतर करते" सांगितलं आणि फोन उशीखाली दडपून ठेवला, म्हणजे जणू आता बोललेलंही दडपलं जाईल. मग ती तशीच बसून राहिली. बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे तिच्या मदतीला धावून आलं. आयुष्यभर शिवणयंत्र त्या बाजूला खडखडलं होतं. म्हणजे डावा कान दाराकडं असेल तर काहीच पोचलेलं नाही, आणि उजवा असेल तर सगळं पोचलेलं आहे. पण बाबा एका जागी कधी बसतात? सकाळपासून दुपारपर्यंत ते उन्हामागं खुर्ची सरकवत नेतात, आणि खुर्ची सरकते तसे कानही फिरतात. फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे उमटलेत, पूर्वेकडून सुरू होऊन कपाटापर्यंत गेलेले. हे ओरखडे तिनं लेखात घेतले होते. आता त्या ओरखड्यांवर कुणी सरकत नाही, असं लिहिलं होतं. ते वाक्य तिला तेव्हा फार आवडलं होतं. 

काहीतरी निमित्त हवं म्हणून एक स्वेटर घेऊन ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा वर्तमानपत्र मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते. खुर्ची तिरकी होती, ना धड इकडं ना तिकडं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं. "हा घालता का? हवा गार झालीय," तिनं विचारलं. बाबांनी स्वेटर हातात घेऊन उलटा केला, आतली शिवण अंगठ्यानं चाचपली. विकतचा कुठलाही कपडा ते आधी आतून बघत. "कारखान्याचा माल," ते म्हणाले, "आत काही ठेवतच नाहीत." एवढं बोलून त्यांनी तो खांद्यावर टाकला. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण शिंप्याच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय, खांदा एका बाजूला उतरलाय, हे सगळं त्याला दिसत असतं आणि तो तोंडात टाचण्या धरून गप्प असतो. ती परत आपल्या टेबलाशी येऊन बसली.

टेबलाच्या वर भिंतीवर दोन कॅलेंडरं होती. एक घराचं आणि एक कामाचं. कामाचं नेहमी पुढं उलटलेलं असे. आता बाहेर थंडी दार ठोठावत होती, आणि कामाच्या कॅलेंडरवर रणरणता उन्हाळा चालू होता. माठातल्या पाण्यावर आणि पोरांच्या लांबलचक सुट्टीवर तिला ह्याच आठवड्यात लिहून द्यायचं होतं. हा धंदाच तसा. सुरुवातीला, तरुणपणी, तिनं ऐन थंडीत थंडीवर एक लेख लिहिला होता आणि स्वतः नेऊन दिला होता. बोटं आखडलेली, नाक लाल, लेखात धुकं ठासून भरलेलं. बाईंनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "लेख छान आहे, पण वरात निघून गेल्यावर घोडा आणलात. माझा अंक ह्या घडीला उन्हाळ्यात आहे. ऋतू लागायच्या पुष्कळ आधी लेख माझ्या टेबलावर पाहिजे. थंडीत थंडी जमा करून ठेवा, आणि उन्हाळ्यात लिहा." वर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिनं तेव्हापासून पदरात बांधून ठेवली. लेख लिहिण्याच्या दिवशी खरा नसला तरी चालेल, वाचण्याच्या दिवशी तो खरा पाहिजे. त्या वाक्यावर तिचं सगळं पोटपाणी चाललं. थंडीत सकाळी कुलपाला हात लावल्यावर कसं वाटतं, कपडे दोरीवर वाळतात तेव्हा आधी ताठ कसे होतात, हे ती त्या त्या वेळी टिपून ठेवायची, आणि पंख्याखाली घाम पुसत ते वापरायची. लोकांना वाटे, हिला काय निसर्गाची ओढ. ओढ कसली, ऋतू दारात यायचा तेव्हा तो तिचा लिहून संपलेला असायचा. पहिली गार झुळूक आली की सगळे खिडक्या उघडून उभे राहत, आणि हिच्या मनात येई, ही तर आपण केव्हाच दिली.

पण ही खोड तिला बाईंनी लावली, असं म्हणणं खोटं ठरेल. ती घरातूनच आली होती. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. बाबा कोट शिवायचे, आणि कोट थंडीचे, म्हणजे शिवायचे उन्हाळ्यात. बाहेर डांबर पाघळत असायचं आणि दुकानात जाड लोकरीची ठाणं उलगडलेली. बाबा गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून बसत, कारण घामाचा थेंब लोकरीवर पडला की डाग राहतो. ओलं फडकं अंथरून त्यावरून इस्त्री फिरवली की वाफ उठायची, आणि भिजल्या लोकरीचा तो जड, जनावरासारखा वास पडद्यातून घरात यायचा. तिच्या लेखी हाच उन्हाळ्याचा वास होता. शाळेत उन्हाळ्यावर निबंध लिहिताना तिनं तो लिहिला आणि मास्तरांनी त्याला लाल रेघ मारली. थंडी पडली की दुकानात उलट पातळ, हवेशीर कापडं यायची, आणि बाबा सुईत दोरा ओवण्याआधी बोटं इस्त्रीजवळ शेकून घ्यायचे. आई म्हणायची, "जगाचं घड्याळ एक, आमच्या घरचं दुसरं." तक्रार म्हणून म्हणायची, पण माहेरच्या माणसांना हीच गोष्ट ती ऐटीत सांगे. मुलीला बाबा 'आगाऊ' म्हणत. दुसऱ्या दिवशीचं दप्तर आदल्या दुपारीच भरून ठेवणारी, सहलीच्या आठवडाभर आधी बूट घालून झोपणारी मुलगी, तिला दुसरं काय म्हणणार? आज त्या सगळ्या दुपारी तिला इतक्या जवळ वाटल्या की हात लांबवला तर पडद्याची सुती कड बोटाला लागेल. बाबांचे खडूचे तुकडे, पाटीवर लिहायला ती चोरायची तेच. कच्च्या टाक्यांचे पांढरे दोरे, आईच्या केसांतसुद्धा अडकलेले. कोट पूर्ण झाला की बाबा तोच कच्चा दोरा एका झटक्यात ओढून काढत आणि तिच्या नाकावर ठेवत.

आणि पोस्टमास्तर. तिला पोस्टमास्तर आठवायला नको होते, म्हणूनच ते आठवले. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झालेले, बायको गेलेली. एका उन्हाळ्यात ते काठी टेकत, पायऱ्यांवर दम घेत दुकानात आले आणि सगळ्यात उंची लोकरीवर बोट ठेवलं. मोठ्या दुखण्यातून नुकते उठले होते. मानेभोवतीची कॉलर इतकी सैल की आत अजून एक माणूस मावला असता. बाबांनी नेहमीच्याच पद्धतीनं माप घेतलं. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाला "सैल सोडा" म्हणतात. बाबा म्हणायचे, "भरपूर श्वास घ्या. घेतलात? हं, आता." आणि मग टेप आवळायचे. छाती भरल्यावर माणूस जेवढा होतो तेवढं त्याचं माप, असं त्यांचं शास्त्र होतं. श्वास सोडल्यावर काय, सगळेच लहान होतात. पोस्टमास्तरांना तो श्वास पुरता घेता येईना. बाबा टेप धरून थांबले. शेवटी एकदा तो श्वास आला, तेव्हा त्यांनी माप घेतलं. पोस्टमास्तर गेल्यावर आई पडद्याआडून हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला दिसत नाही का? थंडीपर्यंत ते... कोट मग कुणाच्या अंगावर घालाल?" बाबांनी मान वर केली नाही. "माप मी जिवंत माणसाचं घेतलंय," ते म्हणाले, "त्यापुढचं शिवायला मला कुणी सांगितलेलं नाही." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, पुढं कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. ती बाबांनी त्या कोटात दोन्ही बाजूंना भरपूर ठेवली. दुखण्यानं उतरलेत, थंडीत अंग धरतील, हा हिशोब. कोट भिंतीवर टांगून राहिला. थंडी पडली, आणि एका सकाळी पोस्टमास्तर काठीशिवाय आले. पुढं कितीतरी थंड्या त्यांनी तो कोट घातला. एकदा तर काखेत आवळतोय म्हणून उसवून घ्यायला आले, तेव्हा बाबांनी फक्त पडद्याकडं पाहिलं, आणि आई तोंड फिरवून हसली.

त्याच बाबांच्या मुलीनं काय केलं? तिनं माप घेताना श्वास येईपर्यंत वाट पाहिली नाही. एवढंच झालं होतं, आणि हे एवढंसं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात बाबांना छातीच्या दुखण्यानं इस्पितळात ठेवलं. डॉक्टर वॉर्डाबाहेर येऊन म्हणाले, "मनाची तयारी ठेवा. उन्हाळा काढतील असं वाटत नाही." तयारी म्हटल्यावर तिच्यात काहीतरी खटकन उभं राहिलं. जन्मभर तिनं दुसरं केलंय काय? हिवाळा अंकाच्या लेखाची मुदत डोक्यावर आली होती. इस्पितळाचा तो लांब बोळ यंत्रानं इतका गार केलेला की रात्रपाळीच्या नर्स स्वेटर घालत. ऐन उन्हाळ्यात लिहिण्याजोगी खरी थंडी तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि बाकावर बसल्या बसल्या, गुडघ्यावर कागद ठेवून, तिच्या मनात हा विचार आला याची तिला तिथल्या तिथं लाज वाटली. पण विचार आला होता. दर हिवाळ्याच्या लेखात बाबा कुठंतरी असतच. खिडकीत संत्रं सोलत, उन्हामागं सरकत. ह्या वेळी काय लिहायचं? ते खिडकीत बसलेत असं लिहिलं, तर अंक हातात येईल त्या दिवशी ते खोटं असेल. ते छापलेलं खोटं आपल्याला वाचायला सोसवणार नाही. वाचण्याच्या दिवशी लेख खरा पाहिजे. म्हणून तिनं खुर्ची रिकामी केली. एकदा रिकामी केल्यावर शब्द आपोआप आले. ओरखडे आले, कपाटातला कोट आला, त्या कोटाच्या खिशात सापडलेला खडूचा तुकडा आला. ती रडत होती आणि लिहीत होती, आणि मधूनच डोळे पुसून एखादा शब्द बदलत होती. आजवर लिहिलेलं सगळं ह्याच्यापुढं पाणी होतं, हे तिला लिहितानाच कळलं. तिथूनच तिनं तो लेख पाठवून दिला. त्याच संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "केवढं गार करून ठेवलंय इथं. माणसं काय मासळी आहेत?"

मग ते बरे होत गेले. घाई न करता, एकेक टाका घालावा तसे. पावसात घरी आले, भिंत धरून चालू लागले, चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरू लागले. लेख तेव्हाच परत मागवायला हवा होता. एक फोन, दोन वाक्यं. पुष्कळदा तिनं फोन हातात घेतलाही होता. कामाच्या रगाड्यात विसरले, असं स्वतःला सांगता आलं असतं, आणि काही दिवस ते खरंही होतं. दिलेला लेख तिच्या डोक्यातून उतरूनच जायचा, कारण डोकं पुढच्या ऋतूत गेलेलं असायचं. पण आज टेबलाशी बसून तिला दिसलं की हे सगळं खरं नव्हतं. एक तर तो लेख तिचा सगळ्यात चांगला लेख होता, आणि तो कुणी वाचूच नये हे तिला सोसवत नव्हतं. आणि दुसरं त्याच्याही खाली होतं, बोट लावायला नको अशा जागी. डॉक्टर म्हणाले होते तसं कदाचित पावसात होईल, नाहीतर त्यानंतर. म्हणजे लेख आत्ता खोटा असला तरी थंडीत खरा ठरेलही. ती थांबून राहिली होती. आपल्या बापाच्या बाबतीत ती अंकाच्या तारखेची वाट बघत होती. हे तिनं स्वतःशी एकदा, सरळ शब्दांत म्हटलं, आणि तिला उठून उभं राहावं लागलं.

"आगाऊ," आतून हाक आली, "चहा करतेस का? का मीच करू?" कितीतरी दिवसांत त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. तिनं चहा केला, दोन कप घेऊन गेली आणि खुर्चीसमोर स्टुलावर बसली. ऊन खुर्चीच्या हातावर आलं होतं. बाबांनी संत्रं सोलायला घेतलं होतं. हात थरथरत होते तरी साल एकाच लांब पट्टीत निघत होती, कापड फाडावं तशी बरोबर सरळ रेषेत. त्यांनी एक फोड तिच्यापुढं केली. "पोस्टमास्तर आठवतात का तुला?" त्यांनी विचारलं. तिचा कप बशीवर वाजला. "आठवतात," ती म्हणाली. "का हो?" "काही नाही. मघाशी उगाच मनात आले. भला माणूस. कोट घालून मिरवत असे नुसता." बाबा फोडीतली बी काढून बशीच्या कडेला ठेवत होते. "तुझ्या आईनं तर त्यांना तेव्हाच पोचवलं होतं," ते म्हणाले आणि हसता हसता खोकले. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. सहज म्हणाले, की मुद्दाम? तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ते गप्प झाले होते. "बाबा, जरा खाली जाऊन येते," ती म्हणाली, "दुकानातून साखर आणायचीय." "साखर भरपूर आहे," बाबा म्हणाले, "पण जा तू."

जिन्याच्या वळणावर, जिथं कुणाची तरी सायकल नेहमी उभी असते, तिथं थांबून तिनं बाईंना फोन लावला. "फोटो मिळाला का?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "बाई, तो लेख काढा. बाबा आहेत." बाईंना कळलं नाही. तिला परत सांगावं लागलं, की आहेत, आत्ता खिडकीत बसून संत्रं खातायत, मी उन्हाळ्यात लिहिला तेव्हा डॉक्टर नाही म्हणाले होते, पण ते आहेत. पलीकडं छापखान्याची यंत्रं खडखडत होती. मग बाई हसल्या, आधी हळू आणि मग मोकळ्या. "अहो, एवढी चांगली बातमी अशी रडक्या आवाजात काय देता?" त्या म्हणाल्या. पण बाई शेवटी संपादक होत्या. "आता संध्याकाळपर्यंत मी त्या पानाला काय घालू? लोकरीचे कपडे कसे धुवावेत, हा लेख माझ्याकडं दर वर्षी पडून असतो, तो टाकते. पण पान एकदा हातचं गेलं की त्यावर दुसरं कुणीतरी येऊन बसतं, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे?" "बसू दे," ती म्हणाली. "बरं," बाई म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून, अगदी मायेनं, धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "काढते मी तो. पण मोडीत कशाला घालायचा? असा लेख परत होत नाही. ठेवून देऊ का माझ्याकडं? आज ना उद्या... लागेलच की हो कधीतरी."

सायकलच्या घंटीवर धूळ बसली होती. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. तिनं स्वतः आजवर असे कितीतरी लेख ठेवून दिले होते, वेळ येईल तेव्हा काढायला. रिकामी खुर्ची, खिशातला खडू, सगळं जागच्या जागी. एक दिवस हे सगळं शब्द न शब्द खरं होणार होतंच. त्या दिवशी पुन्हा लिहायचं बळ कुठून आणणार? तयार असलेलं बरं. आतून तिच्यातलीच एक शहाणी, व्यवस्थित बाई हे सगळं सांगत होती, आणि ती बरोबरच सांगत होती. "नको," ती म्हणाली. "ठेवू नका. माझ्याकडची प्रतही मी काढून टाकते. ती वेळ येईल तेव्हा मला काही लिहिता आलं नाही तर नाही लिहिणार."  "बरं," त्या म्हणाल्या, "मग उन्हाळ्याचं काय ते तेवढं लवकर द्या."

ती वर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. दारात तिचा पायच उचलेना. ऊन पडलेलं, खुर्चीच्या हातावर संत्र्याची साल, स्वेटर पाठीवर टाकलेला, आणि माणूस नाही. हे तिनं सगळं बघितलेलं होतं, लिहिलेलं होतं, आणि तरी तिला ह्याची कसलीही तयारी नव्हती. "बाबा," ती ओरडली. "इकडं आहे," आवाज मागच्या खोलीतून आला, "ओरडतेस काय? बहिरा आहे तो डाव्या कानानंच." ते शिवणयंत्राजवळ भिंत धरून उभे होते. यंत्रावरची चादर काढून बाजूला टाकली होती. एका हातात जुना मापाचा टेप, आकडे पुसट झालेला, आणि यंत्रावर आईच्या पेटीतून काढलेलं एक पातळ, पांढरं सुती कापड. ती भिंतीला टेकली. 

"फोनवरच्या त्या बाईंचा आवाज मोठा आहे," बाबा म्हणाले.   "फोटो माझा चांगला एकही नाही. उगाच कुठला तरी दिला असतास," ते म्हणाले. मग यंत्राचं चाक त्यांनी तळव्यानं थोडं फिरवून पाहिलं, ते फिरलं, त्याला तेल हवं होतं. तिला वाटलं, आता ते विचारतील, का लिहिलंस? आणि तिनं ठरवलं की खरं ते सांगायचं, थांबून राहिले होते हेसुद्धा. पण बाबांनी टेप तिच्यापुढं धरला. "घे," ते म्हणाले, "माझं मला घेता येत नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट करायचाय उन्हाळ्यासाठी. जुने सगळे ढगळ होतात. हात आता पहिल्यासारखा चालत नाही, दिवसाला एखादी शिवण होईल. आत्ता सुरू केलं तर उन्हाळ्याला होईल. तुझ्या त्या बाई म्हणतात ना, वरात गेल्यावर घोडा काय कामाचा?"

टेप हातात घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. लहानपणी तिला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. तिनं खांदा मोजला, बाही मोजली. हाड हाताला लागत होतं. आकडे ती मोठ्यानं म्हणत होती आणि बाबा खडूनं ते त्याच कापडाच्या काठावर लिहीत होते, वेडेवाकडे. "कमरेला माया जास्त धरायची," ते म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत अंग भरेल." "हो," ती म्हणाली. मग तिनं त्यांच्या काखेखालून टेप मागं नेला, पुढं आणला, दोन्ही टोकं छातीवर जुळवली. इतक्या जवळून त्यांना संत्र्याचा वास येत होता, आणि त्याच्या खालून, अजूनही, भिजल्या लोकरीचा. तिचे डोळे भरून आले आणि आकडे दिसेनासे झाले. ती टेप आवळणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे असं माप घेतात? तुला कुणी शिकवलं का नाही?"

तिनं टेप सैल केला. "भरपूर श्वास घ्या, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. तो मध्ये अडला, खरखरला, थांबला. ती टेपची टोकं नुसती धरून उभी राहिली, काही घाई न करता. मग तो परत चालू झाला, आणि तिच्या बोटांतून टेप हळूहळू सरकू लागला.